टीए ड्यूटी लागली असेल तर ‘मॉस’ वापराच, पण निकाल त्याच्यावर सोडू नका

एमटेकवाल्यांना स्टायपेंडसोबत आठवड्याला आठ तास टीए (टीचिंग असिस्टंट, म्हणजे सरांना शिकवण्यात-तपासण्यात मदत) ड्यूटी असते, माझ्याकडे फर्स्ट इयरची सी प्रोग्रामिंगची लॅब आहे. पोरं भरपूर, असाइनमेंट दर आठवड्याला, आणि कॉपी शोधायची कशी हा प्रश्न प्रत्येक नवीन टीएला पडतोच, कारण शंभराच्या वर सबमिशन्स डोळ्यांनी एकमेकांशी ताडून बघणं माणसाला शक्यच नाही. तर हा रिव्ह्यू स्टॅनफर्डच्या मॉसचा, म्हणजे सबमिट केलेले प्रोग्राम एकमेकांशी ताडून सारखे भाग दाखवणाऱ्या टूलचा. ॲलेक्स एकेन यांनी १९९४ मध्ये बनवलेली सर्व्हिस आहे, शिकवण्यासाठी वापरायला फुकट. ठराविक मजकुराचा मेल टाकला की उत्तरात एक छोटी पर्ल स्क्रिप्ट येते, त्यात तुमचा युजर आयडी असतो, मग टर्मिनलवरून फाइल्स पाठवायच्या आणि रिझल्टची लिंक मिळते. दिसायला अगदी साधं पान, जोड्यांची यादी, कुठल्या फाइलचा किती टक्के भाग जुळला ते, आणि क्लिक केलं की दोन्ही कोड शेजारी शेजारी, जुळलेला भाग रंगात. बास, एवढंच. आणि एवढंच लागतं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे व्हेरिएबलची नावं बदलून, कॉमेंट्स काढून, स्पेस इकडच्या तिकडे करून मॉस फसत नाही. तो कोडचे छोटे छोटे सलग तुकडे करतो, प्रत्येकाचा हॅश (त्या तुकड्यावरून काढलेला एक आकडा) काढतो आणि त्यातले ठराविक हॅश ठसे म्हणून ठेवतो. ह्या निवडीच्या पद्धतीला विनोइंग म्हणतात, २००३ चा पेपर आहे, अल्गोरिदमची आवड असेल तर नक्की वाचा, फार सुंदर आणि समजेल असा आहे. फंक्शन्स वरखाली केली तरी तुकडे तेच राहतात म्हणून जुळतात.

आता महत्त्वाचं. सरांनी सगळ्यांना सुरुवातीला दिलेला तयार कोड (स्टार्टर कोड) बेस फाइल म्हणून द्यायचाच, म्हणजे तो भाग जुळणीत धरला जात नाही, त्यासाठी -b ऑप्शन आहे. तो दिला नाही तर मेन आणि इनपुट वाचायचा भाग सगळ्यांचा सारखाच असतो आणि पोरं विनाकारण यादीत वर येतात. एकाच पोराच्या बऱ्याच फाइल्स असतील तर -d वापरा म्हणजे फोल्डर हे एक सबमिशन धरलं जातं. आणि फॅक्टोरियल किंवा प्राइम नंबरसारख्या दहा ओळींच्या प्रोग्रामवर मॉस चालवूच नका, तिथे सगळ्यांचं उत्तर सारखंच येणार, त्यात कोणाचा दोष?

टक्के बघून झिरो देणारे टीए आहेत आणि हे मला मनापासून खटकतं. मॉसच्या पानावरच स्पष्ट लिहिलंय की सारखेपणा का आहे हे त्याला कळत नाही, ते माणसानेच बघायचं. लिंक्ड लिस्ट उलटी करायच्या असाइनमेंटला दोन रूममेट्सचा कोड बराचसा जुळला होता. दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, नेक्स्ट पॉइंटर आधी का सेव्ह केला, यादी रिकामी असेल तर काय होईल, दोघांनीही कागदावर बाण काढून नीट सांगितलं. पद्धत एकत्र बसून ठरवली होती, कोड आपापला लिहिला होता. मार्क कापले असते तर लातूरहून आलेला, आयुष्यात पहिल्यांदा सी लिहिणारा तो मुलगा पुन्हा लॅबमध्ये तोंड उघडून प्रश्न विचारेल का? टक्क्यांपेक्षा मी चुका बघते. दोन कोडमध्ये तीच विचित्र चूक, तीच कधीही न वापरलेली ॲरे असेल तर तिथे खरं बोलायला बसायचं.

मर्यादा सांगते. तुम्ही दिलेल्या फाइल्सच तो एकमेकांशी ताडतो, इंटरनेटवर शोधत नाही, त्यामुळे मागच्या वर्षीची सबमिशन्सही त्याच बॅचमध्ये टाका. एआयने लिहून दिलेला कोड आहे का हे तो सांगू शकत नाही. लिंक १४ दिवसांनी जाते, म्हणून पानं लगेच सेव्ह करा. आणि फाइल्स बाहेरच्या सर्व्हरवर जातात, तर पाठवायच्या आधी पोरांची नावं, रोल नंबर काढून आपले कोड नंबर द्या, कॉमेंटमधलं नावही काढा, हे काम कंटाळवाणं आहे पण पोरांनी आपल्यावर विश्वास ठेवून सबमिट केलेलं असतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो लिंकच्या १४ दिवसांसाठी, कारण आमच्याकडे व्हायवाच (तोंडी परीक्षा) महिन्याने होतात.