'नेएर' : सात महिने ऐकल्यावर

पहिल्या पंधरवड्यात या अल्बमबद्दल माझं मत एका शब्दाचं होतं : संथ. सोप्रानो (उंच पट्टीची गायिका) व्हेरोनिक जाँस आणि पियानोवर सुझन मॅनॉफ यांचा 'नेएर' 'आल्फा' या रेकॉर्ड कंपनीने 2015 साली काढला. रेनाल्दो आन, आँरी द्यूपार्क आणि अर्नेस्त शोसों या तिघा फ्रेंच संगीतकारांची गाणी त्यात आहेत. फ्रेंचमध्ये या प्रकाराला 'मेलोदी' म्हणतात. आधी कविता, मग चाल, सोबत फक्त पियानो. भावगीताची आठवण येतेच, पण इथला पियानो गायिकेच्या मागेमागे चालत नाही.

चूक माझीच होती. मी हे बसमध्ये ऐकत होतो. जाँस हळू म्हणते तेव्हा खरंच हळू म्हणते. आवाज वाढवावा तर दोन ओळींनंतर दचकायची पाळी. मग रात्री अकरानंतर, पंखा बंद करून (हो, एप्रिलात) ऐकायला लागलो आणि रेकॉर्डिंग उलगडलं.

सगळ्यात जास्त वेळा लावलं ते आनचं 'आ क्लोरिस'. 1916 चं गाणं, शब्द मात्र सतराव्या शतकातला कवी तेओफिल द व्हियो याचे. त्यामुळे आनने पियानोलाही जुना पेहराव चढवलाय. डाव्या हाताचे खर्जातले सूर जुना जर्मन संगीतकार बाख याच्या 'एअर' या प्रसिद्ध वाद्यरचनेसारखे पायरी पायरीने उतरतात, आणि वर उजव्या हाताला छोट्या मुरक्या. गायिका येण्याआधीच पियानोने अर्धं सांगून टाकलेलं असतं. मॅनॉफ इथे जराही घाई करत नाही.

एकदा हे गाणं लावलं तेव्हा आई शेजारी बसली होती. फ्रेंचचा तिला गंध नाही. पण तिने तरुणपणी नाट्यपदं शिकलेली आहेत, आणि ती पटकन म्हणाली, "ही शेवटचा अ सोडत नाही बघ." शब्द वहीत उतरवून पाहिले तर खरंच की! 'तू माझ्यावर प्रेम करतेस' यातलं क्रियापद बोलताना नुसतं 'एम', पण जाँस गाते 'ए-म', म वर हलकासा अ ठेवून. आपण 'सुंदर' बोलताना शेवटचा अ गिळतो आणि अभंगात तो पुरा म्हणतो, तसंच. जाँस बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय संगीतातून पुढे आलेली, विल्यम क्रिस्टींच्या 'ले झार फ्लोरिसाँ' या संगीतसमूहातून. शब्दांची ही शिस्त तिथलीच असावी.

द्यूपार्कची गोष्ट चटका लावणारी. 1885 च्या सुमारास मज्जातंतूंच्या आजाराने त्याचं लेखन थांबलं, जगला मात्र 1933 पर्यंत. मागे ठेवली जेमतेम सतराएक गाणी. त्यातलं 'लँव्हितासियों ओ व्हॉयाज' इथे आहे. फ्रेंच कवी बोदलेरच्या या कवितेतलं मधलं कडवं त्याने सरळ गाळलंय. पियानोवर पाणी लकाकत राहतं, आणि 'तिथे सगळी सुव्यवस्था, सौंदर्य' हे पालुपद पहिल्यांदा येताच ती लकाकी थांबते. जाँस जवळजवळ एकाच सुरावर उभी राहून ते म्हणते. मी अजून दर वेळी तिथे श्वास धरतो.

तक्रारी आहेत. अल्बमभर प्रकाश एकच, संधिकाळचा. सलग ऐकलं तर सहाव्या-सातव्या गाण्यानंतर कान सुस्तावतात. आनची दोन-तीन गाणी मला नुसतीच गोड वाटली, आणि सात महिन्यांनीही मत बदललेलं नाही. मी ज्या अ‍ॅपवर ऐकतो तिथे कवितांचे शब्द नव्हते, ते शोधण्यात दोन रविवार गेले. शब्द समोर नसतील तर हा अल्बम घेऊच नका, निम्मा हातचा जाईल. 'ग्रामोफोन' या ब्रिटिश संगीत मासिकाचं 2016 चं पारितोषिक याला मिळालं हे मला बऱ्याच उशिरा कळलं. आधी कळलं असतं तरी बसमधलं मत तेच राहिलं असतं.

आता एका बैठकीला दोनच गाणी, मग बंद. तिसरं लावलंच तर शोसोंचं 'ल ताँ दे लिला', लायलॅकच्या फुलांचे आणि गुलाबांचे दिवस या वसंतात परतायचे नाहीत असं सांगणारं. ते संपलं की पंखा सुरू.