पातळी-घनता काढताना सामूहिक गती प्राचलात मुरवायची की वेगळी मोजायची?

टॅलिस (अणुकेंद्रीय अभिक्रियांची गणना करणारा संगणक-प्रोग्रॅम) चालवायला घेतलं की लवकरच अडतं ते इथे: पातळी-घनतेचं, म्हणजे अमुक ऊर्जेभोवती केंद्राच्या किती पातळ्या दाटलेल्या असतात त्याचं, कोणतं मॉडेल घ्यायचं? पर्यायांची यादी लांब असली तरी खरा निर्णय एकच. अणुकेंद्राचं फिरणं (परिवलन) आणि कंप पावणं, म्हणजे त्याची सामूहिक गती, पातळी-घनता प्राचलात (ऊर्जेबरोबर पातळ्या किती वेगाने दाटतात ते ठरवणाऱ्या आकड्यात) मुरवून टाकायचं (हा 'परिणामी' मार्ग), की त्यासाठी वेगळे गुणक लावायचे (हा 'उघड' मार्ग)?

एर्बियम-168 घ्या. केंद्र लांबट आहे. पहिली उत्तेजित पातळी 79.8 केईव्हीला, त्यावरची 264.1 ला; गुणोत्तर 3.31, म्हणजे आदर्श परिवलनाच्या 3.33 ला जवळपास चिकटलेलं. अशीच परिवलन-पट्टी वरच्या प्रत्येक अंतर्गत अवस्थेवर उभी राहते, म्हणून पातळ्यांची संख्या कित्येक पटींनी वाढते. शिसं-208 गोल आहे, त्याची पहिली उत्तेजित पातळीच 2.61 एमईव्हीला. गोल केंद्र फिरवून नवी अवस्था मिळत नाही, त्यामुळे तिथे परिवलनाचा गुणक लागतच नाही.

परिणामी मार्गाचा पाया बेथे यांचं 1936 चं सूत्र. घातांकात प्राचल आणि उत्तेजन-ऊर्जा यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळाची दुप्पट बसते. न्यूट्रॉन रेझोनन्समधलं (केंद्र न्यूट्रॉन विशेष जोराने पकडतं त्या ठराविक ऊर्जांमधलं) सरासरी अंतर मोजलेलं असेल, तर प्राचल त्याच्याशी जुळवायचं आणि पुढे जायचं. उघड मार्गात प्राचल लहान राहतं आणि बाहेरून परिवलनाचा व कंपनाचा गुणक येतो.

आता आकडे. टॅलिसच्या स्थिर-तापमान मॉडेलच्या जागतिक सूत्रातून वस्तुमानांक 168 साठी प्राचलाची उच्च-ऊर्जेची किंमत परिणामी मार्गात सुमारे 20 येते, उघड मार्गात साधारण साडेदहा. जवळजवळ निम्मी! कवच-परिणाम (न्यूक्लिऑनांची, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनांची, कवचं भरण्याने पडणारा फरक) बाजूला ठेवून 6 एमईव्हीला नुसते घातांक पाहिले तर 21.9 आणि 15.9, फरक 6, म्हणजे सुमारे 400 पट. हीच तूट उघड मार्ग गुणकांनी भरतो: परिवलनाचे सुमारे 60, कंपनाचे 3 च्या आसपास. हिशेब ढोबळ आहे, पण दोन्ही मार्ग एकाच पट्ट्यात येतात. म्हणूनच रेझोनन्सचा डेटा दोघांनाही पास करतो, आणि नवा माणूस म्हणतो, मग फरक काय पडला?

फरक पडतो डेटा संपतो तिथे. 30 एमईव्हीला घातांकांतली दरी साडेतेरा होते, म्हणजे सुमारे 7 लाख पट. परिवलनाचा गुणक मात्र तापमानाच्या प्रमाणातच वाढतो, तो 130 च्या आसपास पोचतो. कंपनाचा गुणक 30 धरला तरी गुणाकार चार हजारांच्या पुढे फारसा जात नाही. शिवाय तापलेल्या केंद्रात सामूहिक गती विरत जाते. ती शेवटी त्याच न्यूक्लिऑनांची गती असल्याने एकदा सामूहिक म्हणून आणि एकदा एकेकाची म्हणून अशी दोन्हीकडे कायम मोजता येत नाही. टॅलिसमध्ये हे विरणं 30 एमईव्हीभोवती गृहीत धरलेलं आहे. परिणामी मार्गात मुरवलेलं काढून घ्यायची सोय नाही.

सामूहिक गतीमुळे होणारी पातळ्यांची ही वाढ मोजायचे प्रयत्न आपल्याकडेही झाले आहेत. मुंबईच्या पेलेट्रॉन-लिनॅकवर आणि कोलकात्याच्या सायक्लोट्रॉनवर बाष्पीभवनातून निघणाऱ्या न्यूट्रॉनांचे वर्णपट यासाठी मोजले गेले. विरणं नेमकं कुठे सुरू होतं यावर मात्र सगळ्या प्रयोगांचं एकमत नाही. त्यामुळे 30 हा आकडा मी दगडावरची रेघ मानत नाही, तो बदलून निकाल किती हलतो ते आधी पाहतो.

मग घ्यायचं काय? स्थिर लक्ष्य, काही एमईव्हीचे न्यूट्रॉन आणि रेझोनन्सचं अंतर हाताशी असेल तर परिणामी मार्ग घ्या. प्राचलं कमी, बिघडायला जागा कमी. विखंडन असेल तर उघडच. तिथे सवलत नाही. फुटण्यापूर्वी केंद्राला ऊर्जेचे दोन अडथळे ओलांडावे लागतात: आतल्या अडथळ्यावर केंद्राची अक्षीय सममिती मोडते, बाहेरच्यावर डावी-उजवी सममिती, आणि दोन्हीकडे गुणक वेगळे लागतात. ते प्राचलात दडवले की अडथळ्यांच्या उंचीशी खेळून डेटा जुळवावा लागतो, आणि ती उंची दुसऱ्या कुठल्याच अभिक्रियेत कामाला येत नाही.

तिसरा पर्याय गोरिएली-हिलेर यांच्या सूक्ष्म गणनेच्या तयार तक्त्यांचा. त्यात परिवलन-पट्ट्या एकेका अवस्थेवर रचून मोजलेल्या असतात. जलद न्यूट्रॉन-ग्रहणातली, प्रयोगशाळेत न सापडणारी केंद्रं हवी असतील तर मी तिकडेच वळेन. एकच सांभाळा: त्यांच्यावर पुन्हा बाहेरून सामूहिक गुणक लावू नका.