आर-३२ सेल्फ ड्रिलिंग अँकर : गेरूच्या थरात वसूल, काळ्या पाषाणात वाया

सोलापूरकडच्या खडकात बोगदा नेताना खरा त्रास देतो तो लाव्हाच्या दोन थरांमधला तांबडा बोल, म्हणजे मातकट मऊ थर. विहीर खोदणारे त्याला गेरू म्हणतात. पाणी लागलं की तो फुगतो, सुटतो आणि चिखल होतो. तिथं साधं भोक पाडून खडक धरून ठेवणारा २५ मिलिमीटरचा टॉर रॉड (पीळदार सळई) घालायला गेलं, तर बिट (ड्रिलचं कापणारं टोक) बाहेर येईपर्यंत भोक बुजलेलं असतं.

आर-३२ इथंच कामाला येतो. बाहेरून आटे असलेला हा ३२ मिलिमीटरचा पोकळ रॉड स्वतःच ड्रिल रॉड असतो. बिट आतच सोडायचं, पोकळीतून ग्राउट (सिमेंट-पाण्याचा घोळ) भरायचं; मग तोच रॉड अँकर म्हणून खडक धरतो. त्याच्या एन ग्रेडची यील्ड क्षमता, म्हणजे रॉड कायमचा ताणला जाण्याआधीचा भार, २३० किलोन्यूटन आहे, पण बोलमध्ये रॉड तुटायच्या कितीतरी आधी ग्राउटची पकड सुटते. म्हणून जाड रॉडपेक्षा जादा लांबीवर पैसे घाला.

बोलमध्ये पाण्यानं फ्लशिंग (भोकातला चुरा धुऊन काढणं) करू नका, भोकाची भिंतच विरघळते. पातळ ग्राउटनं ड्रिल करावं आणि शेवटी ०.४० ते ०.४५ पाणी-सिमेंट प्रमाणाचं दाट ग्राउट, तोंडाशी परत येईपर्यंत भरावं. ५० किलोच्या पोत्याला २० लिटर पाणी घातलं की सुमारे ३६ लिटर ग्राउट होतं. ७६ मिलिमीटरच्या बिटानं पाडलेल्या ४ मीटर भोकाला हिशेबानं १५-१६ लिटर लागतं, पण फटी दुप्पट खातात. अँकरमागे एक पोतं धरूनच चला. एप्रिल-मे मधल्या इथल्या उन्हात ग्राउट पंपातच घट्ट होतं. पाण्याची टाकी सावलीत हवी, एका वेळी ग्राउट थोडंच कालवावं.

तक्रारी दोन. बिटाची भोकं चिकट मातीनं तुंबतात. पातळ ग्राउटचं फ्लशिंग सुरू करूनच बिट टेकवा आणि दर मीटरला रॉड थोडा मागे-पुढे करा. दुसरी कपलरची, म्हणजे दोन रॉड जोडणाऱ्या आट्यांच्या नळीची: दोन्ही रॉड बरोबर मध्यावर भिडले नाहीत, तर कमी आटे धरलेली बाजू ड्रिलच्या ठोक्यांनी सुटते. कपलरवर मध्याची खूण करून घ्या. रॉड एका कंपनीचे, कपलर दुसरीचे, असं अजिबात नको.

छतात बोल आला तर अँकर पुढच्या दिशेला १० ते १५ अंश वर तिरके, ३०-४० सेंटिमीटरवर, पुढच्या रांगेशी किमान १ मीटर ओव्हरलॅप ठेवून मारा. खोदाई एका वेळी १ मीटरच, आणि लगेच ५ सेंटिमीटर शॉटक्रीट (फवारलेलं काँक्रीट).

अखंड काळ्या पाषाणात (बेसाल्टमध्ये) मात्र हा घेऊ नका. तिथं भोक उभं राहतं, टॉर रॉड आणि रेझिन कॅप्सूल (भोकात फुटून रॉड चिकटवणारी रसायनाची नळी) पुरते, आणि प्रत्येक भोकात एक बिट गाडण्याचा खर्च वाचतो.