रील हवे की नको? हंगामाच्या तोंडावर डोंगरी ओढ्यातल्या ट्राउटसाठी दोन काठ्या

डोंगरातला लहान ओढा, दोन-चार ढांगांत ओलांडता येईल एवढा. त्यातले जंगली ट्राउट मासे बहुतेक वीतभर लांबीचे. हंगाम नुकताच उघडलाय आणि पाणी अजून हाडं गोठवणारं आहे. अशा ठिकाणी कोणती काठी न्यावी, असं विचारलं तर माझ्या मते खरे पर्याय दोनच. एक, रील म्हणजे दोरी गुंडाळायची चकरी लावलेली छोटी फ्लाय रॉड (फ्लाय म्हणजे गळावर पिसं-दोरा बांधून केलेला नकली किडा): ६.५ ते ८ फूट लांब आणि २ ते ४ नंबरची, म्हणजे हलकी लाइन पेलणारी. दुसरी, जपानी तेन्कारा: ११ ते १३ फूट लांब, एकात एक सरकून हातभर होणारी. तिला रील नाही, लाइन ओवायच्या कड्या नाहीत. लाइन थेट शेंड्याला बांधायची.

मी दोन्ही वापरतो, त्यामुळे कौल आधीच देऊन टाकतो. डोक्यावर आभाळ मोकळं असेल तर सुरुवातीच्या गार आठवड्यांत तेन्कारा. ओढ्यावर झाडांचा बोगदा असेल तर छोटी रॉड. उगाच नावाजलेलं म्हणून यातलं काहीच घेऊ नका.

गार पाणी काय मागतं

ट्राउटच्या अंगात स्वतःची ऊब नसते, पाण्याचं तापमान तेच त्याचं तापमान. पाणी ४ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर तो जेमतेम खातो. ७-८ अंशांवर हालचाल दिसू लागते आणि १२ ते १६ अंशांत तो खऱ्या अर्थाने भुकेला असतो. हंगामाच्या सुरुवातीला आपण पहिल्या दोन टप्प्यांत अडकलेलो असतो. अशा वेळी मासा जोराच्या धारेत उभा राहून ताकद घालवत नाही. डोहाचा तळ, मोठ्या दगडामागचं संथ पाणी, काठाखालची कपार अशा जागा धरतो आणि खाण्यासाठी हातभर सरकायलाही कंटाळतो. फ्लाय त्याच्या तोंडापाशी, तळालगत आणि प्रवाहाच्याच वेगाने न्यावी लागते.

वेळेचंही एक गणित आहे. भल्या पहाटे जाऊन काकडण्यात शहाणपण नाही. उन्हाने पाणी अंश-दोन अंश चढलं की, म्हणजे साधारण अकरानंतर, सुरुवात करावी. पण वर बर्फ असेल तर दुपारी त्याचं वितळलेलं पाणी खाली पोचतं, ओढा चढतो आणि पुन्हा गारठतो. मधले दोन-तीन तास तेवढे आपले. काठी कोणतीही घ्या, खिशात थर्मामीटर हवा. त्याने माझ्या जितक्या फुकट फेऱ्या वाचवल्या तितक्या महागड्या रॉडने वाचवल्या नाहीत.

लाइन पाण्यावर की हवेत

सगळा निकाल इथेच लागतो. डोंगरी ओढ्यात तुम्ही आणि मासा यांच्यामध्ये दोन-तीन वेगवेगळ्या वेगांच्या धारा असतात. छोट्या रॉडने फ्लाय पलीकडच्या संथ खळग्यात टाकली की जाड फ्लाय लाइन मधल्या वेगवान धारेवर पडते. धार ती ओढून नेते आणि तिच्यामागे फ्लायही फरफटत निघते. उन्हाळ्यात भुकेला ट्राउट अशा पळत्या फ्लायचाही पाठलाग करतो. गार पाण्यात तो ढुंकूनही बघत नाही.

तेन्काराची गोष्ट उलटी. १२ फुटांची काठी पुढे धरली की बारीक फ्लोरोकार्बनची लाइन सगळी हवेत राहते, पाण्याला टेकतो तो फक्त टिपेट, म्हणजे फ्लाय बांधायचा टोकाचा बारीक धागा. मधली धार कितीही धावू दे, फ्लाय खळग्यात पाच-सहा सेकंद जागच्या जागी फिरत राहते. सुस्त माशाला विचार करायला तेवढा वेळ लागतोच. शिवाय गार पाण्यातला चावा म्हणजे झटका नसतो, लाइन क्षणभर थबकते एवढंच. ताणलेल्या, भडक रंगाच्या लाइनवर ते थबकणं दिसतं. पाण्यावर सैल पडलेल्या लाइनवर ते कळेपर्यंत माशाने फ्लाय थुंकून टाकलेली असते.

छोट्या रॉडने हे जमतच नाही असं नाही. अगदी जवळ जायचं, रॉड उंच धरायची, बहुतेक लाइन पाण्याबाहेर ठेवायची. पण ७ फुटांच्या रॉडला पोच मुळातच कमी आणि कड्यांतून लोंबणारी जड लाइन सतत हाताकडे घसरत येते. त्यावर उपाय म्हणून काही जण १० फुटांची, ३ नंबरची निम्फची (पाण्याखालच्या अळीसारख्या फ्लायची) रॉड घेतात. ती चांगली असते, पण लहान ओढ्यासाठी मग रील बाळगायचंच कशाला, असा प्रश्न मला पडतो.

झाडं आणि वारा

इथे तेन्काराचा तोरा उतरतो. काठी १२ फूट, त्यापुढे जवळपास तेवढीच लाइन, शिवाय हातभर टिपेट. वरून फांद्या वाकलेल्या असतील तर दर तिसऱ्या फेकीला फ्लाय झाडावर. आणि लाइन गुंडाळून घ्यायला रील नाही, म्हणजे झुडपांतून वाट काढतानाही रडकुंडी. माझी एक अख्खी सकाळ अशा बोगद्यात फांद्यांशी कुस्ती करण्यात गेली होती. मासे जागेवरच होते, माझी फ्लाय तेवढी त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती.

छोट्या रॉडने तिथे लाइन हवी तेवढीच बाहेर काढता येते. फ्लाय चिमटीत धरून रॉड धनुष्यासारखी वाकवायची आणि सोडून द्यायची. फ्लाय फांद्यांच्या खालून सरळ आत जाते. ही फेक तेन्कारानेही करता येते, पण लाइन आखूड बांधून घ्यावी लागते, म्हणजे जे लांबीसाठी घेतलं तेच कापून टाकायचं.

वाऱ्यातही रील लावलेली रॉडच सरस. तिची लाइन वजनदार असल्याने वारा कापत जाते. तेन्काराची बारीक लाइन समोरून झुळूक आली तरी गिरक्या घेते. अशा दिवशी फ्लाय पाण्यात जरा बुडवून ठेवली की ती नांगरासारखी लाइन धरते, हा जुजबी उपाय.

गोठणं

हवा शून्याखाली असेल तर छोट्या रॉडच्या कड्यांत बर्फ साचतो आणि लाइन सरकेनाशी होते. दर दहा मिनिटांनी कड्या बोटांनी मोकळ्या करत बसायचं. तेन्काराला कड्याच नाहीत, त्यामुळे ही कटकट नाही. तिची वेगळी खोड अशी की सांध्यांत ओल शिरली तर ते गोठून अडकतात. जोर लावून पिळू नका, शेंडा मोडतो. तळहाताची ऊब द्या.

मासा लागल्यावर

नवख्याला धास्ती असते ती याची: रीलशिवाय मासा आवरणार कसा? वीतभराच्या ट्राउटसाठी रील कोणीच फिरवत नाही. रॉड असली तरी लाइन हातानेच ओढतात, रील म्हणजे लाइनचं कोठार. फरक पडतो तो क्वचित एखादं धूड लागलं तर. तेन्कारात द्यायला जास्तीची लाइन नाही, काठी वाकवून माशाच्या मागे ओढ्यातून धावायचं किंवा टिपेट तुटू द्यायचा. म्हणूनच टिपेट ५एक्सपेक्षा जाड (एक्सचा आकडा जितका लहान तितका धागा जाड) बांधू नये, नाहीतर टिपेटऐवजी काठी तुटते. ओढा खाली मोठ्या नदीला मिळत असेल आणि तिथून दांडगे मासे वर येत असतील, तर मी रील घेऊनच जाईन.

फ्लाय कोणत्या

सुरुवातीला निम्फच. १४ ते १८ नंबरच्या गळावरची (आकडा मोठा तितका गळ लहान) फेझंट टेल किंवा हेअर्स इअर, छोट्या मण्याची, दोन्ही काठ्यांवर चालते. तेन्काराची उलट्या पिसांची जपानी फ्लाय, केबारीही तळालगत छान धडधडते. ढगाळ दुपारी बारीक ऑलिव्ह मेफ्लाय हे खरे किडे पाण्यातून निघाले आणि ते टिपणाऱ्या माशांची पाण्यावर टिंबं उठू लागली तर १६ ते २० नंबरची ड्राय, म्हणजे तरंगणारी फ्लाय. तिच्याखाली दोन वीत टिपेटवर निम्फ लटकवली की वरचा मजला आणि तळ दोन्ही सांभाळले जातात. पाणी चढलेलं असेल तर ते अंतर वाढवा. जड मणी किंवा मोठी स्ट्रीमर (छोट्या माशासारखी फ्लाय) वापरायची असेल तर मात्र तेन्कारा नको, फेकीचा विचका होतो.

शिकणं आणि वाहणं

तेन्काराची फेक तासाभरात जमते. छोट्या रॉडला हंगाम लागतो, पण ते शिक्षण मोठ्या नदीवर आणि तळ्यावरही कामी येतं. पाठपिशवीत दोन्ही मावतात.

तेन्काराची पोच २०-२५ फुटांपर्यंतच, त्यामुळे माशाच्या जवळ जावंच लागतं. नितळ गार पाण्यात तुमची सावली पडली की डोह रिकामा. गुडघ्यावर बसा, दगडाआड राहा आणि शक्यतो पाण्यात उतरूच नका. काठी लांब असल्याने काठावरून निभतं, हा तिचा फायदा. ब्राउन आणि ब्रूक ट्राउटनी शरद ऋतूत घातलेली अंडी या दिवसांत खडीत असतात किंवा पिल्लं नुकतीच बाहेर पडत असतात, तर रेनबो आणि कटथ्रोट आता घालायच्या तयारीत असतात. तळाशी आजूबाजूपेक्षा उजळ, धुतल्यासारखा खडीचा पट्टा दिसला तर त्यावर पाय देऊ नका आणि त्यावरच्या माशांवर फ्लायही टाकू नका. गळ बिनकाट्याचा, हात ओले, मासा पाण्यातच सोडवा.

अजूनही ठरत नसेल तर काही विकत घेण्याआधी १२ फुटांचा एक सरळ बांबू घ्या आणि आपल्या ओढ्यावर जा. ओळीने दहा डोहांपाशी उभे राहा आणि फेक केल्यासारखा तो मागेपुढे फिरवा. पाचाहून जास्त ठिकाणी तो फांदीला अडला तर छोटी रॉड घ्या.