लग्नानंतर एक साताऱ्यात एक पुण्यात, की दोघंही पुण्यात?

हल्ली साताऱ्यात पत्रिका जुळली की पुढचा प्रश्न हाच असतो. मुलगा हिंजवडीला, मुलगी इथल्या झेडपी शाळेत नाहीतर बँकेत, कधी बरोबर उलटं. दोघांच्या नोकऱ्या चांगल्या, मग सोडायची कुणी? म्हणून ठरतं की सध्या शनिवार-रविवार करू, पुढचं पुढं बघू. करा की, पण जरा हिशोब घालून.

सातारा-पुणे साधारण 110 किलोमीटर, ऐकायला काहीच नाही. पण शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीतनं कात्रजपर्यंत यायलाच जीव जातो, पुढं खेड शिवापूरचा टोल, मग खंबाटकी, आणि घाटात एखादा ट्रक बंद पडला की झालंच, जेवायला येतो म्हणालेला माणूस रात्री बाराला दार वाजवतो आणि झाकून ठेवलेली भाजी गार तशीच खाऊन झोपतो. रविवारी चार वाजल्यापासून परत बॅग भरायची गडबड. दोन दिवस म्हणायचे, मिळतात दीड.

एसटीत 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळं काही घरांत सरळ ठरतं की तिनंच जावं, स्वस्त पडतं. तिकीट अर्धं असलं तरी घाट पूर्णच चढावा लागतो ओ. आणि आठवडाभर शाळा करून स्वारगेटला उतरायचं, त्याच्या फ्लॅटवर जाऊन सिंकमधली भांडी घासायची, याला भेटायला जाणं म्हणत नाहीत.

खरी गोम प्रवासात नाहीच, ती आहे तो नसताना ती राहते कुठं यात. सासरी राहिली तर पाच दिवस ती नुसती सून असते. शाळेतनं आली की चहा, कणिक, सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या, आणि नवऱ्याशी निवांत बोलायचं तर गच्चीवर. शुक्रवारी तो आला की सासूबाईंना लेकरू वाळलेलं दिसतं, शनिवारी मावशी येतात, संध्याकाळी मित्र पोवई नाक्यावर बोलवतात. राहिलेलं सगळं बोलणं रविवारी दुपारी निघतं, त्याचं भांडण होतं आणि तेवढ्यात गाडीची वेळ! मग ते भांडण गुरुवारपर्यंत व्हॉट्सअपवर चालू. माझं मत विचाराल तर असं राहायचंच असेल तर तिनं शाळेजवळ खोली घ्यावी नाहीतर माहेरी राहावं, लोक विचारतील काय बिनसलं का म्हणून, विचारू देत.

दोघं पुण्यात गेलात तर भाडं, डिपॉझिट, ट्रॅफिक सगळं आलंच, पण भांडण त्याच रात्री मिटतं. प्रश्न तिच्या नोकरीचा. खासगी किंवा कॉन्ट्रॅक्टची असेल तर जास्त विचार करू नका, जा. कायम सरकारी असेल तर घाईनं राजीनामा देऊ नका, ती परत मिळत नाही. झेडपी शिक्षकांच्या बदल्यांत पती-पत्नी एकत्रीकरण आहे, दोघांच्या नोकरीच्या गावांत 30 किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर प्राधान्य मिळतं, पण ते जोडीदारही सरकारी-निमसरकारी नोकरीत असेल तर, आयटीतला नवरा त्यात चालत नाही. त्यापेक्षा आयटीवाल्याला आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम मिळतंय का ते आधी बघा, मिळत असेल तर त्यानं साताऱ्याला यावं. हे कुणी विचारतच नाही, नोकरी सोडायचं आधी मुलीलाच विचारतात.

शिरवळला राहून दोघांनी दोन दिशांना जायचं, हाही एक सल्ला मिळतो. साताऱ्याला जाणाऱ्याला रोज खंबाटकी आणि घरी दिवसभर कुलूप, मला काही पटत नाही.

आणि हे सगळं साताऱ्याचं झालं. सांगली-मिरजेच्या लोकांनी दर आठवड्याचं मनात आणू नका, अंतर दुप्पट आहे. 2024 पासून वंदे भारत सांगलीला थांबते पण ती रोज नाही आणि पुण्यातनं सुटायची तिची वेळही ऑफिसवाल्यांच्या सोयीची नाही. तिथं पंधरा दिवसांनी एकदा, सोमवारची सुट्टी टाकून जमेल, ते पण वर्षभर फार तर. त्यानंतर कुणी मुक्काम हलवायचा ते साखरपुड्याआधी दोन्ही घरांसमोर महिन्यासकट बोलून घ्या.