राउटरची राखण: विकतचा अँटिव्हायरस की विंडोजचा डिफेंडर?

अँटिव्हायरसचं वर्ष संपत आलं की आमच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतंच: राउटर तपासून 'पासवर्ड कमकुवत आहे' म्हणून सांगणारा विकतचा ठेवू, की विंडोजबरोबर येणाऱ्या डिफेंडरवर भागवून राउटरचं आपलं आपण बघू? मी कोथरूडच्या घरी तीन वर्षं विकतचा वापरला, गेलं दीड वर्ष डिफेंडरवर आहे. व्हायरस पकडण्यात दोघांत मला तरी फरक जाणवला नाही, तेव्हा ते सोडून देतो.

विकतच्याचे उपकार आधी सांगायला हवेत. आमच्या राउटरचं युजरनेम 'अ‍ॅडमिन' आणि पासवर्डही 'अ‍ॅडमिन', हे त्यानेच दाखवून दिलं. केबलवाल्याचा मुलगा चपलांच्या कपाटावर डबा ठोकून, वायफायला माझाच मोबाइल नंबर पासवर्ड देऊन गेला होता. डिफेंडर राउटरकडे ढुंकूनही बघत नाही. आणि ही भीती पोकळ नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक सॉफ्टवेअरने घरोघरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कंपनीने दिलेल्या असल्याच साठेक जोड्या वापरून.

मग बिनसलं कुठे? अँटिव्हायरसच्या लाल खिडकीत नुसतं 'राउटरचा पासवर्ड बदला'. कुठला? पासवर्ड दोन असतात: एक वायफायला जोडायचा, दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा. मी पहिला बदलला. मग अख्खा रविवार टीव्ही, प्रिंटर, दारावरचा कॅमेरा, मुलीचा टॅब, एकेक जोडत बसलो. 'नेट गेलंय का?' हे बायकोने चार वेळा विचारलं. संध्याकाळी लॅपटॉप उघडला तर तीच लाल खिडकी, कारण तिचं म्हणणं दुसऱ्या पासवर्डबद्दल होतं. 'दुरुस्त करा' दाबलं तर महागड्या आवृत्तीचे पैसे भरायचं पान उघडलं. माझं मन उडालं ते तिथेच.

शेवटी १९२.१६८.१.१ वर जाऊन मीच बदलला. गंमत म्हणून आधी आमचा पिनकोडच टाकून पाहिला, ४११०३८. अँटिव्हायरसची हिरवी खूण! म्हणजे आमच्या घरचा अँटिव्हायरस तरी बहुधा ठरावीक, ठाऊक असलेले पासवर्ड लावून बघत होता. त्यातला नसला की पास. सगळेच असे असतील असं नाही, पण त्या हिरव्या खुणेवर विसंबणं मला जमेना.

डिफेंडरच्या वाटेला थोडे कष्ट आहेत, पण एकदाचेच: सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड लांबलचक ठेवून वहीत लिहा, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने वायफायला जोडायची सोय) बंद, बाहेरून राउटर चालवायची सोय बंद. काही राउटरांत इंटरनेटवाला सगळे अधिकार देत नाही, तिथे त्यालाच फोन करावा लागतो. खरी गोम रीसेटची. मागचं बारीक बटण दाबून राउटर एकदा रीसेट केला की सगळं मूळपदावर येतं, आणि डिफेंडर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. म्हणून केबलवाला येऊन गेला की त्याच संध्याकाळी मी जुना 'अ‍ॅडमिन' चालतोय का ते बघतो. दोन मिनिटांचं काम, पण आठवण हवी. ती राहत नसेल तर विकतचाच घ्या, मी आग्रह धरणार नाही.

धायरीला सासऱ्यांकडे मी विकतचाच ठेवलाय. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, "जावईबापू, ती लाल खिडकी परत आली." मी विचारलं, "केबलवाला येऊन गेला का?"

"हो, कालच. टाचणीने मागे काहीतरी दाबत होता."