ब्लॉगचा पत्ता कुणाच्या नावावर आहे? एका निवृत्त तलाठ्याची फसगत

तेहतीस वर्षं तलाठी म्हणून काढली. तेवढ्या वर्षांत एक वाक्य किती वेळा बोललो असेन, गणती नाही: "पैसे दिलेस, घर बांधलंस, सगळं खरं, पण उताऱ्यावर नाव कुणाचं लागलंय ते बघितलंस का?" समोरचा माणूस टोपी काढून डोकं खाजवायचा आणि मी आतल्या आत हसायचो. ते हसणं मला साडेसतरा हजाराला पडलं. ते कसं, ते सांगतो.

२०२१ साली निवृत्त झालो. डोक्यात गावांचा, दप्तरांचा, भांडणांचा साठा होता. पोटखराबा म्हणजे काय, आणेवारी कशी लावतात, एका फुटासाठी दोन सख्खे भाऊ बावीस वर्षं कोर्टात कसे जातात, हे सगळं लिहावंसं वाटत होतं. नातू म्हणाला, ब्लॉग काढा. मग नावावर घोळ सुरू झाला.

पहिलं नाव मनात आलं ते 'चतुःसीमा'. खरेदीखतातला माझा आवडता शब्द. पण पत्ता इंग्रजी अक्षरांत लिहायचा आणि विसर्गाला तिथे जागा नाही. विसर्ग गाळून लिहून नातवाला दाखवलं. त्याने वाचलं, "चॅट... यू... सीमा. आजोबा, ही सीमा कोण?" आमच्या घरात त्या दिवशी चहा उशिरा मिळाला.

मग 'बांध'. सुटसुटीत, आणि गावातल्या निम्म्या भांडणांचं मूळ. पण इंग्रजीत बी ए एन डी एच लिहिलं की सगळे 'बंद' वाचतात. दर दोन-चार महिन्यांनी इंग्रजी पेपरात 'महाराष्ट्र बंद' असाच छापून येतो. सुरू व्हायच्या आधीच बंद पडलेला ब्लॉग कोण वाचणार? शेवटी 'बांधावरून' ठरलं. त्यातही पहिला 'आ' एका ए ने लिहायचा की दोन, यावर सूनबाई आणि मी तासभर घातला. सूनबाई म्हणाली, "बाबा, फोनवर कुणाला तरी पत्ता सांगून बघा. समोरच्याने एका दमात बरोबर लिहिला तर तो घ्या." शहाणी सूचना होती. एक ए ठरला. (देवनागरीत डॉट भारत असाही पत्ता मिळतो, २०१४ पासून. मला तेव्हा माहीत नव्हतं. माझ्या वाचकांतले निम्मे मोबाइलवर मराठी टाइप करायला कंटाळतात, त्यामुळे माहीत असतं तरी घेतला असता असं नाही.)

चूक झाली ती इथून पुढे. सूनबाई पुण्यात नोकरीला, मुलाला सवड नाही, त्यांना कशाला त्रास म्हणून मी तालुक्याच्या गावी एका वेबसाइट बनवणाऱ्या पोराकडे गेलो. एसटी स्टँडसमोर वरच्या मजल्यावर दुकान. ११ मार्च २०२२, शुक्रवार. पोरगा गोड बोलणारा, पाया पडणारा. मी नाव सांगितलं, त्याने टाइप करून दाखवलं. "काका, डॉट कॉम एकदम मोकळं आहे बघा." मी म्हणालो, मग घेऊन टाक. "आत्ता सर्व्हर स्लो आहे. उद्या सकाळी पहिलं काम तुमचं." चहा आला, चहा झाला, साडेसहाच्या एसटीने मी परत निघालो.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता फोन. "काका, घात झाला. रात्रीत कुणीतरी उचललं. आता ते प्रीमियम झालंय. ओळखीचा दलाल आहे, सोडवून देतो, पण नऊ हजार मागतोय."

माझ्या डोळ्यांसमोर ते नाव, त्याचं चित्र, नातवाने काढलेला बांधावरच्या बाभळीचा फोटो, सगळं आधीच उभं राहिलं होतं. माणूस नावात अडकला की व्यवहार विसरतो. जमिनीच्या सौद्यात हे मी शेकड्याने पाहिलं होतं. नऊ हजार दिले. वर वेबसाइट आणि होस्टिंगचे, म्हणजे ती इंटरनेटवर ठेवायच्या जागेचे, साडेचार हजार. सगळे फोनपेवर, त्याच्या खासगी नंबरवर. पावती मागितली तर व्हॉट्सॲपवर हात जोडलेलं चित्र आलं.

दोन वर्षं बरी गेली. मी एकसष्ट लेख लिहिले. लेख वर्डच्या फाइलमध्ये त्याला पाठवायचो, तो चढवायचा. २०२३ मध्ये नूतनीकरणाचे म्हणून चार हजार घेतले, मी दिले. डॉट कॉमचा एका वर्षाचा खर्च सगळा धरून हजाराच्या आसपास असतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. नावं विकणाऱ्या कंपन्यांना पडणारा घाऊक दर तर सगळ्यांना एकच: सप्टेंबर २०२४ मध्ये तो १०.२६ डॉलर झाला, त्याआधी त्याहून कमी होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी शंकू साखळीवर लेख लिहिला. जुन्या मोजणीची ती लोखंडी साखळी ३३ फुटांची, म्हणून ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फुटांचा गुंठा. फोटो बरेच होते, ते स्वतः चढवावेत म्हणून पासवर्ड मागितला. तर म्हणाला, "पासवर्ड देता येत नाही काका, डोमेन, म्हणजे हा पत्ता, कंपनीच्या नावावर असतं." कुठल्या कंपनीच्या? "आमच्या." मग माझ्या नावावर करून दे. "होईल की. पंचवीस हजार. आता त्याला मार्केट व्हॅल्यू आलीय ना, तुमच्याच लेखांमुळे."

या शेवटच्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

रात्री सूनबाईला फोन केला. ती आधी गप्प राहिली, मग म्हणाली, "बाबा, पत्त्याचाही उतारा निघतो. फुकट निघतो." जगभरच्या या नावांचा कारभार आयकॅन नावाची संस्था पाहते, १९९८ पासून. तिच्या लुकअपच्या पानावर पत्ता टाकला की नोंद समोर येते. शनिवारी ती घरी आली आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोबाइल ठेवून ती नोंद वाचायला बसलो. मला चष्म्याशिवायही कळलं की हा सातबाराच आहे. वर मालमत्तेचं नाव, खाली धारक, नोंद कुणाकडे आहे ती कंपनी, नोंदणीची तारीख, मुदत संपण्याची तारीख. धारकाचं नाव झाकलेलं होतं, हल्ली बहुतेक ठिकाणी ते झाकलेलंच असतं. पण त्याखाली संस्थेच्या रकान्यात एसटी स्टँडसमोरच्या त्या दुकानाचं नाव स्वच्छ लिहिलेलं. माझं नाव कुठेच नाही, इतर हक्कातसुद्धा नाही.

मग सूनबाईने नोंदणीच्या तारखेवर बोट ठेवलं. ११ मार्च २०२२, वेळ १३:१२, शेवटी झेड. झेड म्हणजे ग्रीनिचची वेळ, त्यात साडेपाच तास मिळवायचे. संध्याकाळचे सहा बेचाळीस.

साडेसहाला मी त्याच्या दुकानातून उतरलो होतो. एसटी अजून स्टँडबाहेरही पडली नसेल.

म्हणजे रात्रीत उचलणारा कुणी नव्हता, दलालही नव्हता. ज्याला मी नाव सांगितलं त्यानेच बारा मिनिटांत ते हजारभर रुपयांत स्वतःच्या नावावर घेतलं आणि मला नऊ हजाराला 'सोडवून' दिलं. सोडवून तरी कुठे? ठेवलं स्वतःकडेच.

हे एवढ्या बारकाईने सांगतो, कारण यातली खूण तुमच्या कामाची आहे. आधी घेऊन ठेवलेली नावं चढ्या भावाने विकणारे खरेच असतात, तो धंदा उघड चालतो. पण तसं नाव असेल तर नोंदणीची तारीख बहुतेक वेळा जुनी निघते. कुणी तुम्हाला 'कुणीतरी घेतलं, सोडवावं लागेल' म्हणालं तर पैसे काढण्याआधी उतारा काढा. तारीख कालची असेल, तर काल तुम्ही ते नाव कुणाकुणासमोर उच्चारलं ते आठवा.

दुसरी खूण मी दोन वर्षं डोळ्यांसमोर असून पाहिली नाही. मुदत संपत आली की नोंदणी करणाऱ्या कंपनीने धारकाला साधारण महिनाभर आधी एकदा आणि आठवडाभर आधी एकदा कळवायचंच, असा आयकॅनचा नियम आहे. मला कधी एकही मेल आला नाही. येणार कसा? नोटीस उताऱ्यावर नाव असलेल्या कब्जेदाराला जाते, कसणाऱ्याला नाही. हे मी दुसऱ्यांना कितीदा समजावलंय!

त्याच्याकडे गेलो. या वेळी चहा आला नाही. "काका, बिझनेस आहे," एवढंच म्हणाला. पोलीस ठाण्यात गेलो. हवालदार माणूस चांगला, त्याने वही उघडली आणि विचारलं, "चोरीला नक्की काय गेलं?" पत्ता. "म्हणजे घर?" नाही, पत्ताच. त्याने वही हळूच मिटली आणि सायबरकडे जायला सांगितलं. सरकारच्या सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार केली, तिची पोच माझ्याकडे आहे. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा तर तो पैसे गेल्या गेल्या, तासाभरात केलेला बरा, म्हणजे रक्कम वाटेत अडवता येते. माझे पैसे जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मी ते स्वतःच्या बोटाने पाठवले होते. डॉट कॉमच्या तंट्यांसाठी लवादासारखी सोय आहे, पण तिथे आधी ट्रेडमार्कचा हक्क दाखवावा लागतो आणि असे तंटे चालवणाऱ्या जिनिव्याच्या संस्थेची फी १५०० डॉलरपासून सुरू होते. साडेसतरा हजारासाठी लाखाच्या वर कोण घालणार?

पंचवीस हजार मी दिले नाहीत. त्याने मार्चमध्ये नूतनीकरण केलं नाही आणि ब्लॉग बंद पडला. बी ए एन डी एच.

मी तरी आशेवर होतो. वाचून काढलं होतं की मुदत संपल्यावर पंचेचाळीस दिवसांपर्यंत सवलत, मग तीस दिवस जास्त पैसे भरून सोडवण्याचे, मग पाच दिवस, आणि मग नाव मोकळं. कालनिर्णयवर ऐंशीव्या दिवसाला लाल गोल केला. पण एवढे दिवस थांबायचं बंधन कंपनीवर नसतं. पुष्कळ कंपन्या महिनाभरातच अशा नावाचा लिलाव करतात. पस्तिसाव्या दिवशी सहज उतारा काढला, तर नोंदणीची तारीख तीच, सहा बेचाळीसची, आणि संस्थेचा रकाना बदललेला. फेरफार मंजूर. हरकतीची नोटीस नाही, पंधरा दिवस नाहीत, मंडळ अधिकारी नाही.

एकसष्टपैकी अडतीस लेख इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सापडले. ती यंत्रणा आपणहून जगभरच्या पानांच्या प्रती ठेवते. माझ्या आडगावच्या ब्लॉगच्याही ठेवल्या, देव तिचं भलं करो. काही जुन्या मेलमध्ये मिळाले. सात गेलेच.

नवीन पत्ता डॉट इनचा घेतला, दोन ए वाला. या वेळी सूनबाई फक्त शेजारी बसली. खातं माझ्या नावाचं, ईमेल माझा, मोबाइल माझा, कार्ड माझं. सातशे रुपयांच्या आत काम झालं आणि बिल मेलवर आलं. दुसऱ्या कुणाकडून वेबसाइट करून घ्यायला हरकत नाही, मीही पुढे करून घेतली. पण पत्ता आधी स्वतः घ्यावा आणि वेबसाइट करणाऱ्याकडून फक्त त्याच्या सर्व्हरचे आकडे घेऊन ते पत्त्याला जोडावेत. घर गवंडी बांधतो म्हणून प्लॉट गवंड्याच्या नावावर घेत नाहीत. ज्यांचा पत्ता आज दुसऱ्याच्या खात्यात आहे पण बोलणं अजून गोडीत आहे, त्यांनी आजच ट्रान्सफरचा, म्हणजे पत्ता दुसऱ्या कंपनीकडे हलवायचा, कोड मागावा. खातेदाराने मागितला की कंपनीला तो पाच दिवसांत द्यावा लागतो. मात्र नवं नाव असेल तर पहिले साठ दिवस ते सहसा दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही. साठ दिवस उलटूनही कुणी 'सिस्टिममध्ये होत नाही' म्हणाला, तर होत नाही ते सिस्टिममुळे नसावं.

नवीन पत्ता घेऊन महिना झाला नाही तोच एक मेल आला. एका चिनी कंपनीला म्हणे 'बांधावरून' हे नाव डॉट सीएनमध्ये हवंय, तुमची हरकत असेल तर तुम्हीच ते तातडीने विकत घ्या. शांघायमध्ये कुणाला बांधावरून काय दिसतंय कोण जाणे. ही जुनी युक्ती आहे, अनेकांना असे मेल येतात; मी उत्तर न देता पुसून टाकला. आणखी एकाने माझा पत्ता दोन लाखाला घ्यायची तयारी दाखवली, फक्त अमुक एका साइटवरून 'मूल्यांकन प्रमाणपत्र' काढून द्या म्हणाला. प्रमाणपत्राची फी अर्थात मी भरायची. त्याला मी सविस्तर उत्तर लिहिलं, पण ते इथे छापण्यासारखं नाही.

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या सज्जाच्या, म्हणजे तलाठी कार्यालयाच्या, कोतवालाचा फोन आला. माणूस दर रविवारी माझे लेख वाचतो, पत्ता स्वतः टाइप करतो आणि घाईत एक ए खातो.

"तात्या, रागावू नका, पण एक विचारू? तुमच्या पत्त्यावर पत्ते कशाला मांडलेत?"

मी उघडून पाहिलं. हिरव्या टेबलावर रमीचा डाव, वर लाल अक्षरात 'पहिले शंभर रुपये आमच्याकडून'. त्याखाली, कुणी काढायचा विसरला असावा, नातवाने काढलेला बाभळीचा फोटो.